निरभ्र रात्रीची वाट पाहणे सोडावे का?

चर्चाप्रस्ताव : अगस्ती

हौशी आकाशनिरीक्षक एकत्र आले की ताऱ्यांपेक्षा ढगांवरच अधिक बोलणे होते. तक्रार खोटी नाही, हे आधीच मान्य करतो. चांद्रमास सुमारे २९.५ दिवसांचा आणि त्यात शुक्ल पंचमीपासून कृष्ण तृतीयेपर्यंत संध्याकाळच्या आकाशात चंद्र ठाण मांडून असतो. उरलेल्या पंधरवड्यात सुट्टीच्या रात्री जेमतेम चार. त्यांतील काही ढगांच्या, काही घरच्या कामांच्या, आणि एखादी नेमकी अशी की आकाश लख्ख असते पण दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे उठायचे असते. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाने हा हिशेब मांडला, तर दुर्बीण विकून टाकावी असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे.

तरीही माझे मत असे की हा हिशेब एकाच प्रकारच्या निरीक्षणाचा आहे. मोठी दुर्बीण गाडीत घालून दूरच्या अंधाऱ्या जागी न्यायची, रात्रभर अंधूक दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचे दूरचे समूह) शोधायच्या आणि उजाडताना परतायचे, या एका साच्यात आपण सगळा छंद कोंबला आहे. आता तो साचा वर्षातून फार तर दोन-चारदा भरतो म्हणून छंदच अशक्य झाला असे म्हणू लागलो आहोत.

वृषपर्वा तारकासमूहातील डेल्टा हा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा, तारा पाहा. ५.३७ दिवसांच्या आवर्तनात त्याची प्रत (तेजाचा आकडा; तो जितका मोठा तितका तारा अंधूक) ३.५ पासून ४.४ पर्यंत उतरते आणि पुन्हा चढते; चढ वेगाने होतो, उतार सावकाश. त्याच्या शेजारीच झीटा (प्रत ३.४) आणि एप्सिलॉन (प्रत ४.२) हे तारे आहेत, आणि तिघांचा मिळून एक छोटा त्रिकोण होतो. बाहेर यावे, डोळे थोडे सरावू द्यावेत, झीटा ते एप्सिलॉन या तेजातील फरकाचे मनातल्या मनात समान भाग पाडावेत आणि डेल्टा कितव्या भागात बसतो ते वेळेसह वहीत टिपून ठेवावे. आकाश उजळ असेल तर साधी द्विनेत्री (दोन्ही डोळ्यांनी पाहायची छोटी दुर्बीण) हाती घ्यावी. ढगांना तेवढी फट पडली तरी काम होते, आणि काही आठवड्यांच्या नोंदी कागदावर मांडल्या की ताऱ्याचा वक्र आपोआप उमटू लागतो.

चांदण्या रात्रींसाठी जोडतारे आहेतच. स्वरमंडळातील एप्सिलॉन द्विनेत्रीतून दोन ताऱ्यांचा दिसतो; १०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून हवा स्थिर असताना त्या दोहोंपैकी प्रत्येकाचे पुन्हा दोन होतात, कारण त्यांच्यातील अंतर सव्वादोन विकलांच्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आसपास आहे. चंद्रप्रकाशाने त्यात काहीच बिघडत नाही. थोडक्यात, घरापासून वीस मिनिटांचे निरीक्षण हे दुय्यम नाही, तेच मुख्य मानावे, असा माझा प्रस्ताव आहे. मतभेद अपेक्षित आहेत.

शौरी

प्रस्तावकांनी अडचण सोडवलेली नाही, प्रश्नच बदलला आहे. ज्याला दीर्घिका पाहायच्या आहेत त्याला जोडतारे पाहण्याचा सल्ला देणे म्हणजे तहानलेल्यापुढे ताट वाढण्यासारखे आहे.

देवयानी दीर्घिकेचा आकाशातील पसारा ३ अंशांहून अधिक आहे. सहा पूर्णचंद्र शेजारी शेजारी मांडावेत एवढा. उजळ आकाशाखाली त्यातील केवळ गाभा, एक धुरकट ठिपका, दिसतो. दुर्बिणीचा व्यास वाढवून किंवा वर्धन (प्रतिमा किती पट मोठी दिसते ते) वाढवून ही उणीव भरून निघत नाही, कारण पसरट वस्तूच्या दर चौरस विकलेचे तेज कोणतीही दुर्बीण वाढवू शकत नाही आणि दीर्घिकेबरोबर पार्श्वभूमीचा उजेडही त्याच प्रमाणात आयपीसमध्ये (दुर्बिणीच्या डोळा लावायच्या भिंगात) येतो. तेजोमेघांना (अवकाशातील चमकणाऱ्या वायूच्या ढगांना) निदान ऑक्सिजनच्या ठरावीक तरंगलांबीचे फिल्टर काही मदत करतात. दीर्घिकांचा प्रकाश ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत पसरलेला असल्यामुळे तोही मार्ग बंद. अंधार हाच तेथे एकमेव उपाय आहे.

आता वीस मिनिटांविषयी. डोळ्याची बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण नेत्रपटलातील दंडपेशींमध्ये ऱ्होडॉप्सिन (अंधारात पाहण्यासाठी लागणारे रंगद्रव्य) पुन्हा साठायला २० ते ३० मिनिटे, आणि पूर्ण सरावासाठी त्याहूनही अधिक वेळ लागतो. म्हणजे प्रस्तावक जेथे वही मिटतात तेथे माझा डोळा जेमतेम कामाला लागलेला असतो. दुर्बिणीच्या आरशाचेही तेच. घरातून नुकतीच बाहेर आणलेली २०० मिलिमीटरची परावर्ती दुर्बीण एखाद्या ठळक ताऱ्यावर रोखून फोकस किंचित बिघडवावा; ताऱ्याच्या चकतीवरून गरम हवेचे लोट सरकताना स्पष्ट दिसतात. ते शमेपर्यंत, रात्र थंड असेल तर तासभरही, उच्च वर्धनाचे नावच काढू नये. निरीक्षणाला सलग वेळ लागतो आणि तो नाही, ही तक्रार आळशीपणाची नाही.

कालेय

शौरी यांनी सांगितलेले भौतिकशास्त्र बिनचूक आहे, परंतु त्यावरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. डोळा पूर्ण सरावण्याची गरज अंधूक, पसरट वस्तूंना आहे. चौथ्या प्रतीच्या ताऱ्याची शेजाऱ्यांशी तुलना करायला नाही.

माझा कल रूपविकारी ताऱ्यांकडे असल्याने मी पक्षपाती आहे, हे सांगून ठेवतो. तिमिंगल समूहातील मीरा या ताऱ्याचे सरासरी आवर्तन सुमारे ३३२ दिवसांचे आहे. अशा ताऱ्याची नोंद रोज घेण्याची गरजच नसते. आठ-दहा दिवसांतून एक चांगली नोंद पुरते आणि उलट रोज पाहणाऱ्याच्या मनात कालचा आकडा घर करून बसण्याचा धोका असतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही संस्था १९११ पासून जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी एकत्र करत आली आहे. माझ्या डोक्यावर ढग असले तरी पृथ्वीवर दुसरीकडे कुणाचे तरी आकाश मोकळे असते, आणि खंड पडलेल्या नोंदी एकमेकींत बसून वक्र पुरा होतो.

जॉर्ज अल्कॉक हे इंग्लंडमधील शिक्षक पाच धूमकेतू आणि पाच नवतारे (एकाएकी तेजाळणारे तारे) शोधून गेले. त्यांतील शेवटचा धूमकेतू त्यांना १९८३ मध्ये घराच्या आतून, बंद खिडकीच्या काचेतून, द्विनेत्रीने सापडला. साधनांचा आणि परिस्थितीचा बाऊ करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

शौरी

अल्कॉक यांचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. हजारो ताऱ्यांच्या जागा त्यांना पाठ होत्या म्हणून खिडकीतून परका ठिपका ओळखता आला, आणि ते पाठांतर अनेक वर्षांच्या दीर्घ रात्रींतून झाले होते. शेवटची पाच मिनिटे सर्वांना दिसतात.

शर्मिष्ठा

दोन्ही बाजू निरीक्षक जागा असलाच पाहिजे असे गृहीत धरून चालल्या आहेत. आज ५० मिलिमीटर व्यासाची, स्वतःच आकाश ओळखून वस्तूवर रोखली जाणारी दुर्बीण अंगणात ठेवून घरात बसता येते. ती दहा-दहा सेकंदांच्या प्रतिमा एकावर एक रचत जाते आणि ढग आला तर बिघडलेल्या प्रतिमा वगळून पुढे जाते. तासाभरात शहरातूनही दीर्घिकेचे बाहू दिसतील असे चित्र मिळू शकते. ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा ज्याला थंडीत उभे राहणे झेपत नाही, त्याच्यासाठी हा फरक छंद असण्या-नसण्याचा आहे. दूरदेशीच्या अंधाऱ्या डोंगरावरील दुर्बीण मिनिटांच्या हिशेबाने भाड्याने घेण्याची सोयही आहेच. मग ढगांविरुद्ध एवढी हतबलता कशासाठी?

शौरी

चित्र मिळते, हे मान्य. ते पाहणे आहे का, याविषयी मात्र आपले एकमत होणार नाही, आणि ते व्हावे असा माझा आग्रहही नाही. एवढेच म्हणतो की दहा-दहा सेकंदांची बेरीज पडद्यावर पाहणारा आणि आयपीसशी तिरक्या नजरेने झगडत दीर्घिकेची कड शोधणारा हे दोघे वेगवेगळे छंद जोपासत आहेत. एकाची अडचण दुसऱ्याच्या उपायाने सुटत नाही.

स्वाती

इतका वेळ सर्व जण निरीक्षकालाच सल्ले देत आहेत. कुणी म्हणते लक्ष्य बदला, कुणी म्हणते यंत्र बदला. आकाश कुणी उजळवले, हा प्रश्न कुणीच विचारलेला नाही.

ढग आणि चंद्र नैसर्गिक आहेत, त्यांच्याशी भांडता येत नाही. उन्हाळ्यात ४९ अंश अक्षांशापलीकडे सूर्य क्षितिजाखाली १८ अंश उतरतच नाही आणि तेथील निरीक्षकांना काही आठवडे खरी रात्रच मिळत नाही, तेही निमूटपणे सोसावे. परंतु वर फेकला जाणारा दिव्यांचा उजेड ही मानवी करणी आहे. २०११ ते २०२२ या काळात नागरिकांनी डोळ्यांनी केलेल्या ५० हजारांहून अधिक नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यानुसार रात्रीच्या आकाशाचा उजेड दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होता. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. त्याच अभ्यासातील हिशेब असा, की ज्या ठिकाणी जन्माच्या वेळी २५० तारे दिसत होते तेथे मूल १८ वर्षांचे होईपर्यंत सुमारे १०० उरतील.

हे लक्षात घेता ‘जे दिसते त्यावर भागवा’ हा अगस्ती यांचा सल्ला कितीही सोयीचा असला तरी घातक आहे. आज दीर्घिका सोडायच्या, उद्या चौथ्या प्रतीचे तारे सोडायचे, आणि परवा फक्त चंद्र उरला म्हणून चंद्रावर समाधान मानायचे? वेळ नसल्याचे मूळही बरेचसे येथेच आहे. दारातच अंधार असता तर दोन-तीन तास प्रवासात घालवावे लागले नसते आणि शौरी यांना हवा तो सलग वेळ कामाच्या दिवशीही मिळाला असता. दिव्यांना वरून झाकण, गरज नसताना ते मंद करणे आणि निळसर पांढऱ्याऐवजी पिवळसर प्रकाश, एवढ्याने बराच फरक पडतो. त्यासाठी तक्रार अर्ज लिहिण्यात गेलेली संध्याकाळ हीसुद्धा मी निरीक्षणातच धरते.

अगस्ती

स्वाती यांचा मुद्दा वजनदार आहे, परंतु त्यातून माझा प्रस्ताव खोडला जातो असे मला वाटत नाही. ज्या अभ्यासाचा त्यांनी दाखला दिला तो कुणाच्या जोरावर उभा राहिला? आपापल्या दारातून, कोणत्याही दुर्बिणीविना, कितव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात हे काही मिनिटांत नोंदवणाऱ्या सामान्य लोकांच्या. अंधाऱ्या रात्रीची वाट पाहत घरात बसलेला निरीक्षक आपले आकाश किती बिघडले हेही सांगू शकणार नाही.

शर्मिष्ठा यांच्या यंत्राला माझा विरोध नाही. त्याच्या प्रतिमांवरून ताऱ्यांची प्रत मोजता आली तर उत्तमच. शौरी यांना मात्र विचारावेसे वाटते, की वर्षातील त्या दोन-चार रात्री येईपर्यंत मधल्या महिन्यांत डोळ्याचा सराव कसा टिकवता?

शौरी

टिकत नाही, म्हणूनच त्या रात्री वाढवण्याचा प्रयत्न करावा असे मी म्हणतो. माझा तोडगा रुक्ष आहे. वर्षाच्या सुरुवातीलाच अमावास्यांच्या तारखा पाहून प्रत्येकीच्या आसपासचा कामाचा एक दिवस रजेसाठी राखून ठेवावा आणि घरच्यांना तो तेव्हाच सांगावा. ढगांचा अंदाज दोन-तीन दिवस आधीच काय तो भरवशाचा मिळतो, त्यामुळे आकाश पाहून बेत ठरवणाऱ्याला रजा मिळत नाही आणि रजा असणाऱ्याला आकाश मिळत नाही. निम्म्या रजा ढगांत जातील, त्या जाऊ द्याव्यात. अगस्ती यांच्या डेल्टाकडे पाहायलाही माझी ना नाही, पण त्यामुळे समाधान होऊन कुणी ही रजा रद्द करणार असेल, तर मात्र माझा विरोध कायम आहे.