आरएच (रिस्टोरेशन हार्डवेअर): विक्री थोडी घटली, मग नफा इतका का कोसळला?

कोथरूडकर:
अमेरिकेत उंची फर्निचर विकणाऱ्या आरएच, म्हणजे पूर्वाश्रमीच्या रिस्टोरेशन हार्डवेअर, या कंपनीचे अहवाल वाचताना एक कोडे सुटत नाही. २०२१ च्या आर्थिक वर्षात विक्री ३.७६ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा ६८.९ कोटी डॉलर होता. २०२४ मध्ये विक्री ३.१८ अब्ज, पण नफा अवघा ७.२ कोटी. विक्रीत सुमारे १५ टक्क्यांची घट आणि नफा जवळजवळ एकदशांशावर, याची संगती कशी लावायची? घरांच्या बाजारातील मंदी हे कारण सगळेच देतात. मला ते अपुरे वाटते.

हिशेबनीस:
अपुरेच आहे. कार्यकारी नफ्याचे (म्हणजे व्याज आणि कर वजा करण्यापूर्वीच्या नफ्याचे) विक्रीशी प्रमाण या काळात सुमारे २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आले, कारण भव्य गॅलऱ्यांचा, म्हणजे त्यांच्या दालनवजा दुकानांचा, खर्च गिऱ्हाईक येवो न येवो चालूच राहतो, आणि त्यात २०२३ पासून इंग्लंडपासून सुरू झालेल्या युरोपातील विस्ताराची भर पडली. उरलेल्या नफ्याला कात्री लावली ती व्याजाने. कंपनीने २०२१ आणि २०२२ मध्ये मिळून अडीच अब्ज डॉलरची मुदत कर्जे बदलत्या व्याजदराने घेतली, लगोलग फेडरल रिझर्व्ह या अमेरिकी मध्यवर्ती बँकेने दर वाढवले, आणि २०२४ मध्ये व्याजापोटीच २० कोटी डॉलरहून अधिक गेले.

मिशिगन तलावाकाठी:
तरीही घरांचा मुद्दा इतका झटकून टाकू नये. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी जुन्या घरांची विक्री ४१ लाखांच्या आसपास, म्हणजे १९९५ नंतरच्या नीचांकावर होती, आणि घर बदलले नाही तर मोठा सोफा घेण्याचे निमित्तच उरत नाही. शिवाय ही कंपनी माल पोहोचल्यावर विक्री नोंदवते. टाळेबंदीत नोंदवलेल्या आणि पुरवठा रखडल्याने उशिरा पोहोचलेल्या मागण्यांनी २०२१ चा आकडा फुगवला होता. तुलनेचा पायाच उंच आहे. (शिकागोच्या थ्री आर्ट्स क्लबच्या जुन्या वास्तूतील त्यांची गॅलरी जरूर पाहावी: काचेच्या छताखाली उपाहारगृह आहे, आणि वस्तूंवर दोन किमती असतात, एक सर्वांसाठी आणि एक वार्षिक वर्गणी भरणाऱ्या सभासदांसाठी. त्या सभासदत्वामुळे वरचेवरच्या सेलपासून सुटका झाली, हे श्रेय कंपनीचे प्रमुख गॅरी फ्रीडमन यांना द्यावेच लागेल.)

कोथरूडकर:
दोघांचेही आभार. पण कर्जाचा पैसा गेला कुठे? सगळा गॅलऱ्यांत?

हिशेबनीस:
मोठा वाटा स्वतःच्या समभागांच्या पुनर्खरेदीत. २०१७ मध्ये त्यांनी एक अब्ज डॉलर खर्चून जवळजवळ निम्मे समभाग सरासरी ५० डॉलरच्या आत परत घेतले होते आणि तो डाव अफलातून साधला, कारण २०२१ मध्ये भाव ७०० च्या वर गेला. तोच डाव २०२३ मध्ये ३०० डॉलरच्या वरच्या भावाने खेळला गेला. पुढे २ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेत व्हिएतनामच्या मालावर ४६ टक्के आयातशुल्काची घोषणा झाली, आणि बराचसा माल आशियातून आणणाऱ्या या कंपनीचा समभाग दुसऱ्या दिवशी सुमारे ४० टक्क्यांनी घसरून १५० डॉलरच्या आसपास आला. माझ्या मते आता विक्रीवाढीपेक्षा गोदामातील साठा पाहावा: २०२४ च्या अखेरीस तो एक अब्ज डॉलरच्या आसपास होता, आणि तो रोकडीत उतरल्याशिवाय कर्ज फारसे हलके होणार नाही.