विषय: अलास्कातील बेटल्स येथे आईवडिलांसह लॉजवर मुक्काम – माहिती हवी

स. न. वि. वि.

माझे आईवडील ऑगस्टच्या अखेरीस साताऱ्याहून सिअॅटलला येत असून फेब्रुवारीपर्यंत आमच्याकडे राहणार आहेत. नॉर्दर्न लाइट्स (अरोरा, म्हणजे उत्तरेकडील रात्रीच्या आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश) पाहण्याची बाबांची फार दिवसांची इच्छा आहे, म्हणून नाताळच्या सुट्टीत अलास्कातील बेटल्स येथे लॉजवर राहण्याचा आमचा विचार आहे. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत; बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि आई पूर्ण शाकाहारी आहे. तिकडचा अनुभव असलेल्या सभासदांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

---

स. न. वि. वि.

नोकरीनिमित्त माझे फेअरबँक्समध्ये काही वर्षे वास्तव्य होते, म्हणून लिहितो. जरूर जावे, पण नाताळात नव्हे. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावे.

बेटल्स हे आर्क्टिक वृत्ताच्या थोडे उत्तरेला, कोयुकुक नदीकाठी वसलेले अगदी लहान गाव आहे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे सूर्य डोंगरांच्या वर येत नाही म्हटले तरी चालेल. दुपारी काही तास संधिप्रकाश असतो, एवढेच. थंडीबद्दल सांगायचे, तर अमेरिकेतील आजवरचे सर्वांत कमी तापमान, उणे ६२ अंश सेल्सिअस, २३ जानेवारी १९७१ रोजी ज्या प्रॉस्पेक्ट क्रीक येथे नोंदले गेले, ते ठिकाण याच भागातले आहे. एरवी इतकी थंडी नसते, हे खरे. परंतु उणे तीस-पस्तीसमध्ये मध्यरात्री बाहेर उभे राहून आकाशाकडे पाहत बसणे रक्तदाब असलेल्या माणसाला मी तरी सुचवणार नाही, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब चढतो.

अरोरासाठी थंडी नव्हे, अंधार लागतो. जूनमध्ये तिथे रात्र होतच नाही. मात्र ऑगस्टच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत अरोरा दिसू शकतो. सप्टेंबरमध्ये रात्री पुरेशा काळोख्या असतात, टुंड्रा (तिकडचे खुरट्या झुडपांचे, झाडे नसलेले माळरान) तांबडाभडक झालेला असतो, आणि जून-जुलैत जीव नकोसा करणारे डास जवळजवळ संपलेले असतात. पारा रात्री शून्याखाली जातो, पण चांगल्या जाकिटात भागते. ढगांचा धोका मात्र सप्टेंबरलाही आहे. आकाश झाकलेले राहिले तर काहीही दिसत नाही आणि लॉजचे मालकही त्याला काही करू शकत नाहीत, हे बाबांना आधीच सांगून ठेवावे. उन्हाळी हंगाम सप्टेंबरमध्येच आटोपत असल्याने तारखा मात्र लवकर पक्क्या कराव्यात.

बेटल्सला बारमाही रस्ता नाही. फेअरबँक्सहून लहान विमानाने तासाभराहून थोडा अधिक प्रवास आहे. काउंटरवर बॅगांबरोबर माणसांचेही वजन विचारतात, आणि कोणी कुठे बसायचे हे कधी कधी त्यावरून ठरते. आईंना हे चमत्कारिक वाटू शकेल, म्हणून आधी कल्पना द्यावी. कडक सूटकेस न्यायची नाही. दाबून कोंबता येईल अशी मऊ बॅगच न्यावी. ढग खाली उतरले की विमान उडत नाही आणि वैमानिकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. त्यामुळे बेटल्सहून परत येण्याच्या दिवशीच सिअॅटलचे तिकीट काढू नये. मध्ये फेअरबँक्सला निदान एक, जमल्यास दोन मोकळे दिवस ठेवावेत. आपल्या मंडळींना असे ‘वाया जाणारे’ दिवस जिवावर येतात, पण या सहलीचा खरा विमा तोच आहे.

कागदोपत्री विमाही पाहावाच. बेटल्सला रुग्णालय नाही. गरज पडली तर रुग्णाला विमानाने फेअरबँक्सला हलवावे लागते. पाहुण्यांसाठी आपण जो विमा घेतो, त्यात हवाई रुग्णवाहिकेची मर्यादा किती आहे आणि रक्तदाबासारख्या आधीपासूनच्या आजारांना तो लागू होतो का, हे बारीक अक्षरांत वाचावे. गोळ्या मुक्कामाच्या दुप्पट दिवसांच्या न्याव्यात, आणि त्याही हातातल्या पिशवीत.

जेवणाचे म्हणाल, तर तिथे बहुतेक सगळा जिन्नस विमानाने येतो. त्यामुळे शाकाहाराचे आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे. साधा भात करून मिळाला की सोबत नेलेले मेतकूट आणि लोणच्याची लहान बाटली कामी येते, आणि दोन्हीचे वजन नगण्य असते.

अरोरा दिसो न दिसो, ‘गेट्स ऑफ द आर्क्टिक’ राष्ट्रीय उद्यानावरून विमानाची एक फेरी मात्र करावी. १९८० साली स्थापन झालेल्या या उद्यानात एकही रस्ता नाही, आखलेली पायवाटही नाही, आणि त्याचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे एक नवमांश आहे. चालण्याचा त्रास असलेल्यांनाही ते खिडकीतून नीट पाहता येते.

कळावे.

---

स. न. वि. वि.

वरील पत्रातील बहुतेक सर्व पटले. मात्र विमानाचा खर्च पाहता, फेअरबँक्सहून मोटारीने डाल्टन हायवेवरील कोल्डफूट या मुक्कामाच्या लहानशा ठिकाणी जाणे सोयीचे होणार नाही का? अंतर सुमारे २६० मैलच आहे.

---

स. न. वि. वि.

खर्च कमी होईल, हे मान्य. परंतु तो रस्ता तेलवाहिनीच्या कामासाठी १९७४ मध्ये बांधलेला आहे. आजही त्यावर मोठ्या ट्रकांचीच सत्ता चालते, बराचसा भाग खडीचा आहे, आणि बहुतेक भाड्याच्या मोटारींच्या करारात तिथे जाण्यास मनाई असते. काच तडकली किंवा टायर फुटला, तर मोबाइलला रेंज नसते. जायचेच झाल्यास फेअरबँक्सहून निघणाऱ्या सहलींच्या व्हॅनने जावे. वाटेत युकॉन नदीचा पूल आणि आर्क्टिक वृत्ताची पाटी दोन्ही होतात. कोल्डफूटच्या खोल्या तेलवाहिनीच्या कामगारांसाठी केलेल्या बराकींच्या आहेत. स्वच्छ, पण लॉज म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते तसे तिथे काही नाही. साताऱ्याहून आलेल्या आईवडिलांना दिवसभर खडीच्या रस्त्यावरून तिथे नेण्यापेक्षा, एक रात्र कमी करून बेटल्सच निवडावे, असे माझे मत आहे.

कळावे, लोभ असावा.