मदत हवी आहे: गोल्डफिश खूप आजारी आहे, त्याला दुखत असेल का? आणि त्रास न होऊ देता कसं सोडवायचं?

संत्राबर्फी:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहून राहिली इथं, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे गोल्डफिश आहे, ओरांडा, डोक्यावर लाल टोपी असते ना तो. २०२१ मध्ये आणला होता तेव्हा एवढासा गोल नि केशरी होता म्हणून पोरीनं नाव ठेवलं भजी. आता तळहाताएवढा झालाय. दहा-बारा दिवसांपूर्वी खाणं कमी केलं, मला वाटलं उन्हामुळे असेल, नवतपा सुरू आहे, टाकीचं पाणी दुपारी ३४ डिग्रीवर जाऊन राहिलं, म्हणून कूलर टाकीकडे वळवला आणि पाण्याच्या बाटल्या गोठवून सोडत होती. मग पोट फुगलं. आता वरून पाहिलं तर सगळे खवले उभे झालेत, अगदी सीताफळासारखा दिसतो, डोळे पण बाहेर आलेत. परवापासून तळाशी एका कुशीवर पडून आहे, कल्ले तेवढे हलतात. खाणं बंद होऊन नऊ दिवस झाले.

दुकानवाल्याला फोन केला तर म्हणे ताई फ्रीजरमध्ये ठेवून द्या झोपेतच जातो, नाहीतर फ्लश करा. सासरे म्हणतात आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावात सोडून ये, नशिबात असेल तर जगेल. आणि नवरा म्हणतो मासोळीला काय दुखतं, रविवारी रोहूच्या तुकड्यांना हळद-तिखट लावताना तू कधी विचारलंस का. हे शेवटचं डोक्यातून जातच नाहीये, कारण खरंच नाही विचारलं कधी.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माशाला खरंच दुखतं का, की मलाच तसं वाटून राहिलं? आणि तो वाचणार नसेल तर घरच्या घरी, त्याला कमीत कमी त्रास होईल असं काय करता येतं? जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरी बघतात. पोरगी नऊ वर्षांची आहे, तिला काय सांगायचं ते माझं मी बघते, पण आधी मला तर कळू द्या.

तर्रीपोहे:

ताई, धाग्यात रोहू वाचला आणि भूक लागली. सॉरी सॉरी, जोक होता.

जुनीटाकी:

तर्रीपोहे, काऊन बे, जागा पाहून जोक करत जा ना.

ताई, तुम्ही सांगता त्याला ड्रॉप्सी म्हणतात. हा स्वतः एक रोग नाही, आतलं काहीतरी बिघडल्याचं लक्षण आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरचं पाणी सतत शिरत असतं आणि किडनी ते सतत बाहेर फेकत असते. किडनी थकली की पाणी आतच साठतं, पोट फुगतं, खवले उभे राहतात, डोळे बाहेर येतात. बऱ्याच वेळा मागे बॅक्टेरियाचं इन्फेक्शन असतं, आणि ते होतं पाणी खराब झाल्यावर. म्हणून आधी सांगा, टाकी किती लिटरची, आणखी कोण आहे त्यात, फिल्टर कधी साफ केला आणि कसा?

संत्राबर्फी:

६० लिटर. सोबत एक काळा मूर आहे, गोल्डफिशचाच प्रकार, जिलबी नाव. ती ठीक आहे, खाते. फिल्टर... तीन आठवड्यांपूर्वी लाइट गेली होती चार-पाच तास, नंतर फिल्टर सुरू केला तर घाण वास आला म्हणून आतला स्पंज नळाखाली घासून घासून चकाचक धुतला. आणि पाणी पण जवळपास सगळं बदललं. मी काही चूक केली का?

जुनीटाकी:

हौ ताई, बहुतेक तिथूनच सुरू झालं. स्पंजमध्ये चांगले बॅक्टेरिया राहतात, माशाच्या कल्ल्यांतून नि शीतून जो अमोनिया येतो तो ते संपवतात. तासन्‌तास पाणी फिरलं नाही की ते ऑक्सिजनविना मरायला लागतात, उरलेले नळाच्या क्लोरीननं जातात. मग अमोनिया चढतो, त्यात ३४ डिग्रीचं पाणी, गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो आणि अमोनिया जास्त विषारी होतो. दोन गोल्डफिशना ६० लिटर तसंही कमीच. पण मनाला लावून घेऊ नका, माझे पहिले तीन मासे असेच गेले, आणि मी तर इंजिनीअर होतो म्हणे.

खवले थोडेसेच उभे असते तर मी म्हटलं असतं वेगळ्या टबात ठेवा, २० लिटरला एक छोटा चमचा एप्सम सॉल्ट टाका, ते मेडिकलमध्ये मिळतं, खायचं मीठ नाही, आणि अँटिबायोटिकसाठी डॉक्टरांना विचारा. पण सगळे खवले उभे, नऊ दिवस उपाशी, कुशीवर पडलेला, म्हणजे खरं सांगायचं तर मी असतो तर त्याला आणखी त्रासात ठेवलं नसतं. तरी सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, एकदा फोन करून विचारा मासे बघणारं कोणी आहे का.

प्रयोगवही:

पहिल्या प्रश्नाबद्दल. हा वाद जुना आहे आणि अजून पूर्ण मिटलेला नाही, पण पारडं कुठं झुकलंय ते सांगते. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी रेनबो ट्राउट माशाच्या तोंडावर आणि डोक्यावर ५८ रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारी टोकं, शोधले, त्यातले २२ इजा ओळखणारे निघाले, माणसाच्या कातडीत असतात त्या प्रकारचे. आता नुसते रिसेप्टर असणं म्हणजे दुखणं नाही, हात तव्यावरून आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो, त्यातला आधीचा भाग तेवढा झाला तो. पण त्यांनी माशाच्या ओठात ॲसिटिक ॲसिड टोचलं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच, तर ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत होते, एका जागी डोलत होते, श्वास वाढला, आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या माशांपेक्षा कितीतरी उशिरा खायला आले. मॉर्फिन दिल्यावर ते घासणं, डोलणं आणि वाढलेला श्वास कमी झाला. मला विचाराल तर मॉर्फिनचा मुद्दा सगळ्यात वजनदार. काहीच वाटत नसेल तर दुखणं थांबवणाऱ्या औषधानं फरक का पडावा?

उलट बाजूचं म्हणणं असं की आपल्याला दुखणं जाणवायला मेंदूचा जो वरचा थर लागतो, निओकॉर्टेक्स, तो माशाला नसतोच. खरं आहे, नसतो. पण पक्ष्यांना पण आपल्यासारखा नसतो, आणि कावळ्याला दुखत नाही असं आपण म्हणत नाही. तुमच्या मिस्टरांना सांगा, रोहूचा हिशोब वेगळा धागा काढून करू 😄 पण तुम्हाला उगाच वाटून राहिलंय असं नाही. आणि आपल्याकडचा प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा, १९६० चा, त्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही जीव, म्हणजे मासोळी पण आली.

संत्रानगरी_एक्स्प्रेस:

एवढं काय, मी माझा गप्पी फ्रीजरमध्येच ठेवला होता, दहा मिनिटांत शांत. काही तडफडला नाही.

जुनीटाकी:

भाऊ, थंडीनं हलणं बंद झालं म्हणजे जाणीव बंद झाली असं नाही. गप्पी इवलासा, गरम पाण्यातला. तसल्या लहान माशांसाठी लॅबमध्ये बर्फाच्या पाण्यात एकदम टाकायची पद्धत आहे, ती मान्य पण आहे, पण ती वेगळी आणि फ्रीजरमध्ये वाटी ठेवणं वेगळं, त्यात पाणी हळूहळू थंड होत जातं. गोल्डफिशला तर दोन्ही नको, तो मुळात थंड पाण्यातला मासा, बर्फाखालच्या तळ्यात हिवाळा काढणारा, कितीतरी वेळ जागा राहील. आणि पाण्याबाहेर काढून ठेवू असं कोणी म्हणत असेल तर ते पण नाही. गोल्डफिश ऑक्सिजन संपल्यावर अंगात अल्कोहोल तयार करून तग धरतो, खरंच, माशांत फार थोड्या जातींना जमतं हे. म्हणजे मरण लांबतं.

फ्लश तर नकोच, तो जिवंतच गटारात जातो. फुटाळ्यात पण नको, आजारी मासा तिथं तसाच कुशीवर पडून राहील आणि असलाच रोग तर तळ्यात जाईल. धडधाकट पाळीव मासे सोडणं पण वाईटच, शोभेचा म्हणून आणलेला सकरफिश देशातल्या कितीतरी नदी-तळ्यांत पसरलाय लोकांनी असाच सोडला म्हणून.

घरी करायचंच असेल तर लवंग तेल. त्यात युजेनॉल असतं, दाताचे डॉक्टर वापरतात तेच, माशाला आधी गुंगी येते, मग बेशुद्धी, मग श्वास थांबतो. अमेरिकेतल्या व्हेटर्नरी डॉक्टरांच्या संघटनेनं पण मान्य केलेली पद्धत आहे. बाटलीवर शुद्ध लवंग तेल लिहिलंय का बघा, मालिशच्या तेलात नुसता वास असतो.

टाकीतलंच चार लिटर पाणी टबात घ्या, नवं नळाचं नाही. भजीला जाळीनं न धरता वाटीनं, पाण्यासकट टबात घ्या. तेल पाण्यात नुसतं टाकलं तर वर तरंगतं, म्हणून लहान बाटलीत टाकीचं थोडं पाणी आणि तेल घेऊन जोरजोरात हलवा, दुधासारखं पांढरं होईल. मेडिकलमधून सुई नसलेली २ मिलीची सिरिंज आणा, थेंब मोजत बसू नका. आधी चार लिटरला ०.२ मिली एवढंच, हळूहळू, टबाच्या कडेनं ओता. सगळं एकदम ओतलं तर त्याला झोंबतं आणि उसळ्या मारतो, ती घाई करू नका. पाच-दहा मिनिटांत तो आडवा होईल, शेपटीला हात लावला तरी हलणार नाही. तसं झालं की उरलेलं, म्हणजे एकूण १.६ मिली होईल एवढं, तसंच पांढरं करून ओता. कल्ले थांबले की लगेच काढू नका. किमान दहा मिनिटं म्हणतात, गोल्डफिशला मी अर्धा-पाऊण तास देतो, वर सांगितलं त्याच कारणानं. खिडकी उघडी ठेवा, हाताला प्लास्टिकचे मोजे घाला, आणि ते पाणी, ती वाटी, काहीही जिलबीच्या टाकीकडे जाऊ देऊ नका.

संत्रानगरी_एक्स्प्रेस:

बरं बाप्पा, नव्हतं माहीत. माझा गप्पी आठवून आता कसंतरी वाटून राहिलं.

संत्राबर्फी:

काल कॉलेजात फोन लावून पाहिला, पण रविवार होता, कोणी उचलला नाही. उद्यापर्यंत थांबू का विचार करत होती, पण संध्याकाळी तो उलटा झाला, पोट वर, आणि तरी कल्ले चालूच. मग नाही थांबली.

रात्री साडेनऊला केलं. नवऱ्यानं टब धरला, हे त्यानं स्वतःहून केलं, बोलला काही नाही. पहिलं पाणी ओतल्यावर एकदा शेपटी हलवली जोरात, तेवढीच. सात मिनिटांत आडवा झाला. दुसरं ओतलं. कल्ले कधी थांबले ते नीट कळलंच नाही मला, मी मोबाइलच्या टॉर्चनं बघत होती. पाऊण तास बसलो आम्ही दोघं स्वयंपाकघरात. घरभर दाढ दुखल्यासारखा वास.

पोरीला खरं तेच सांगितलं, तिनं दोनच प्रश्न विचारले, त्याला वास आला का आणि जिलबीला माहीत आहे का. आज सकाळी गुलाबाच्या मोठ्या कुंडीत खोल पुरला, मांजर उकरू नये म्हणून वर फरशीचा तुकडा ठेवला.

आता जिलबीचं सांगा. कोपऱ्यात उभी आहे, पण दाणा टाकला तर येईल असं वाटतं. स्पंज तर मीच धुऊन टाकलाय.

जुनीटाकी:

चांगलं केलं ताई.

जिलबीसाठी रोज चौथा हिस्सा पाणी बदला, आधी क्लोरीन काढायचं औषध टाकून, आणि बादलीतलं पाणी टाकीच्या पाण्याएवढंच कोमट-थंड असू द्या. एअर पंप दिवसरात्र चालू. दुकानात अमोनियाची टेस्ट किट मिळते, एक आणून ठेवा. स्पंज आता हातच लावू नका, पुढं कधी फारच भरला तर काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळायचा, बस. आज खायला काही देऊ नका, उद्या सकाळी दोन दाणे.