12 फक्त आठच्या बेसमध्येच का अडतो?

टॉवेलवाला_सोलापूर:
नमस्कार मंडळी, आमचा टॉवेलचा धंदा, दिवसभर डझनातच मोजणी चालते. पोरगी अकरावीला आहे, तिनं परवा हर्षद संख्या सांगितली, म्हणजे अंकांची बेरीज करायची आणि त्या बेरजेनं मूळ संख्येला पूर्ण भाग गेला की झाली हर्षद. 12 ला 1+2=3, भाग जातो. मग म्हणलं बेस बदलून बघू, म्हणजे दहा-दहाच्या गटांऐवजी आठ-आठच्या किंवा दुसऱ्या आकड्याच्या गटांत मोजून संख्या लिहायची, रात्री बिलबुकाच्या मागं 2 पासून 12 पर्यंत सगळे बेस करून बघितलो, दोनमध्ये 1100 बेरीज 2, पाचमध्ये 22 बेरीज 4, सातमध्ये 15 बेरीज 6, सगळीकडं भाग जातोय आणि एकट्या आठमध्ये 14 येतं, बेरीज 5, तिथं अडलं. बाराच्या पुढच्या बेसमध्ये तर 12 हा एकच अंक. हे आठचं काय आहे? आणि कुठंच अडत नाही अशी संख्या आहे का?

तळ्याकाठी:
दादा, हर्षद हे नाव आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी दिलंय, 6174 हा आकडा ज्यांच्या नावानं ओळखतात तेच, हर्षद म्हणजे आनंद देणारी. मी लगेच सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची 68 लिंगं आठवून 68 घेतला. दहामध्ये बेरीज 14, नाही जात. दोनमध्ये 1000100, बेरीज 2, जातो!

गणितवाली_ताई:
दादा, 7 ते 12 हे बेस बघा. या सगळ्यांत 12 चा डावीकडचा अंक 1 च राहतो, म्हणून बेस एकानं कमी केला की बेरीज एकानं वाढते, बारामध्ये 1, अकरामध्ये 2, असं करत सातमध्ये 6. म्हणजे 12 ला 1 ते 6 सगळ्यांनी भाग जायला पाहिजे, 5 नं जात नाही, आणि 5 ही बेरीज नेमकी आठमध्ये येते.
कुठल्याही संख्येला हेच लागू, निम्म्यापर्यंतच्या प्रत्येक आकड्यानं भाग गेला पाहिजे (विषम असेल तर निम्मं वरच्या बाजूला धरा). आता तो निम्मा आकडा आणि त्याच्या आधीचा, या दोघांत सामाईक अवयव नसतो, म्हणून त्यांच्या गुणाकारानंपण भाग जायला हवा. पण संख्या तर निम्म्याच्या जास्तीत जास्त दुप्पट, मग आधीचा आकडा 2 च्या वर जाऊच शकत नाही, म्हणजे निम्मा 3 पर्यंत आणि संख्या 6 पर्यंत. तेवढ्या तपासल्या की उरतात 1, 2, 4, 6. एवढ्याच, बाकी कुठलीच नाही.

टॉवेलवाला_सोलापूर:
ताई, लई भारी समजावलंत, आत्ताच पोरीला वाचून दाखवलो. दोन डझन करून बघितलो, 24 तर वीसमध्ये, अठरामध्ये, सोळामध्ये, तिन्हीकडं अडतोय. मग पोरीनं तुमच्याच पद्धतीनं 8 घेतला, त्याला 1 ते 4 मधला फक्त 3 नडतो, म्हणून तोपण एकट्या सहाच्या बेसमध्येच अडतो, आणि सहामध्ये 8 लिहायचा कसा, तर 12!