‘मेड इन जपान’मधलं एक मिनिटही कापू नका

दादरचा_बेसवाला
परवा डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या जपानमधल्या लाइव्ह अल्बमबद्दल एका पोस्टमध्ये वाचलं: ‘डीप पर्पलचा मेड इन जपान म्हणजे सात गाणी ताणून सव्वा तास केलेला प्रकार. ड्रम सोलो काढा, वीस मिनिटांचं स्पेस ट्रकिन पाचवर आणा. नाहीतर सरळ मशीन हेड ऐका.’ खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

‘मशीन हेड’ हा त्यांचा स्टुडिओ अल्बम मलाही प्रिय आहे. डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या ग्रँड हॉटेलात, भिंतींना गाद्या लावून केलेलं रेकॉर्डिंग आहे ते. पण ती गाणी तेव्हा नवी होती, अंगात मुरलेली नव्हती. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाकाला १५ आणि १६ तारखेला आणि टोकियोच्या बुडोकानमध्ये १७ ला ती वाजली, तोवर पाचही जणांना एकमेकांचा श्वास ओळखता येत होता. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मधला सवाल-जवाब ऐका. ब्लॅकमोर गिटारवर एक तुकडा टाकतो, गिलन तोच गळ्यातून परत करतो. पुढचा तुकडा आणखी वर, गिलनही वर. शेवटी गिटार थांबते आणि गिलनची ती लांब किंकाळी येते. हे स्टुडिओत कोण करणार आणि कोणासाठी?

बँडला तर हा अल्बम जपानबाहेर काढायचाही नव्हता. हौस जपानी कंपनीची. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने आठ ट्रॅकच्या मशीनवर टिपलं आणि नंतर स्टुडिओत वर काहीही चढवलं नाही. म्हणून तो टिकला.

कोथरूडकर७२
ती पोस्ट माझीच, आणि मी एक शब्दही मागे घेणार नाही. ‘स्पेस ट्रकिन’ हे साडेचार मिनिटांचं चोख गाणं आहे. ओसाकाला ते गाणं लवकरच संपतं आणि पुढे जे चालतं त्यात ‘मँड्रेक रूट’ या जुन्या गाण्याच्या वेळचं सामान भरलंय. तुम्ही त्याला बहर म्हणता, मी भरताड म्हणतो. समोर बसलेल्यांना मजा आली असेल, नाही म्हणत नाही. पण घरी बसून ऐकणाऱ्याने ते का सोसायचं? नेमकं तेवढंच वाजवून थांबणं ही कला नाही का?

तीनताल_आडा
ड्रम सोलो काढा म्हणणाऱ्यांनी ‘द म्यूल’ खरंच ऐकलाय का? ड्रमर इयान पेस स्नेअर ड्रमवर जो रोल धरतो तो नुसत्या मनगटांवर, दम कुठेही तुटत नाही, आणि वजन कमी-जास्त करत तो सोलो चढवत नेतो. मी तबला वाजवतो. स्वतंत्र वादनात पेशकारापासून रेल्यापर्यंत आपण अर्धा-पाऊण तास मान डोलावतो आणि याची सहा मिनिटं जड होतात?

कोथरूडकर७२
दरवेळी आपलं शास्त्रीय मध्ये आणलंच पाहिजे का? तबल्याला लेहरा म्हणजे लय धरणारी फिरती सुरावट असते, समेवर यायचं असतं, ऐकणारा सोबत हिशेब ठेवतो. इथे बाकीचे चौघे थांबलेले असतात.

तीनताल_आडा
हिशेब आपल्याला लागत नाही म्हणून तो नाहीच, हे कुठलं तर्कशास्त्र? कान द्या आधी, मग बोला.

कॅसेटयुगातला
थोडं अवांतर. कॉलेजात असताना आमच्या भागातल्या एका दुकानदाराने मला हा अख्खा अल्बम साठच्या कॅसेटवर भरून दिला. शहात्तर मिनिटं साठमध्ये बसणार कशी? पहिली बाजू ‘द म्यूल’च्या सुरुवातीलाच संपायची, दुसरीवर ‘स्पेस ट्रकिन’ मधोमध खटकन तुटायचं. ते गाणं तसंच संपतं असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. नंतर मामाकडे डबल एलपी ऐकली आणि अक्षरशः अंगावर काटा आला. जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन मार्शल अँपमधून गुरगुरत सगळा अंधार करून टाकतो, तो भाग मला ठाऊकच नव्हता. पैसे पूर्ण घेतले होते हो त्या माणसाने! तेव्हा कोथरूडकर, कापलेला अल्बम कसा लागतो ते मला विचारा.

फेडरवरचा_हात
मूळ पोस्टमधलं ‘वर काहीही चढवलं नाही’ हे वाक्य लोक फार पवित्र करून ठेवतात. तीन रात्रींतून निवड केलीच ना? ‘स्मोक ऑन द वॉटर’ १५ तारखेचं, ‘लेझी’ आणि ‘द म्यूल’ टोकियोचं, बाकी सगळं १६ चं. आणि ते ओळीने एका रात्रीसारखं लावलंय. कव्हरवरचा फोटोसुद्धा लंडनच्या कार्यक्रमातला. मग ‘जसं घडलं तसं’ म्हणजे नेमकं काय?

दादरचा_बेसवाला
निवड करणं आणि खोटं वाजवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘स्मोक’ची सुरुवात पहिल्या रात्री हवी तशी लागली, म्हणून ती घेतली. ती त्याच हातांनी, त्याच लोकांसमोर वाजली होती. थिन लिझी या बँडच्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’चं बघा. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी म्हणतो बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवला, त्यांचा गिटारवाला ब्रायन रॉबर्टसन म्हणतो साफ खोटं. इतकी वर्षं झाली, वाद मिटत नाही. किस बँडच्या ‘अलाइव्ह!’चंही तेच, स्टुडिओत डागडुजी झालेली. त्यावर लाइव्ह लिहून विकणं ही फसवणूक आहे.

फेडरवरचा_हात
फसवणूक? मी लाइव्ह कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं मिक्स करतो, त्यावर घर चालतं माझं. एका मैफलीत गायिकेचा माइक पहिल्या वीस मिनिटांत तीनदा गेला. बाई तापात गात होत्या, तरी जीव ओतून गायल्या. नंतर स्टुडिओत येऊन त्यांनी दोन ओळी पुन्हा गायल्या, मी त्या जोडल्या. माइकचा दोष त्यांच्या नावावर कायमचा का चढवायचा? लबाड म्हणा आम्हाला, पण आधी त्या खुर्चीत बसून दाखवा.

दादरचा_बेसवाला
दोन ओळी जोडल्यात तर तसं सीडीवर छापा. एवढंच मागणं आहे. लपवता कशाला?

फेडरवरचा_हात
छापलं की तुमच्यासारखेच लोक ‘नकली’ म्हणून ती बाजूला ठेवतात, म्हणून! कलाकाराला शिक्षा देणारे तुम्हीच आणि पारदर्शकताही तुम्हालाच हवी.

रीमास्टर_नको
तुम्ही भांडताय ओव्हरडबवर, म्हणजे नंतर स्टुडिओत चढवलेल्या भागावर. खरा घात नंतरच्या सीड्यांनी केलाय. सगळा आवाज इतका वर ढकलायचा की ‘चाइल्ड इन टाइम’ची कुजबुजती सुरुवात आणि गिलनचं ओरडणं यांत अंतरच उरत नाही. ते अंतर हेच ते गाणं आहे. जुनी तबकडी ऐका.

तीनताल_आडा
वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. पेसचे हलके ठोके आधी मरतात.

कोथरूडकर७२
काल रात्री दिवे घालवून चाळीस मिनिटांची दुसरी तबकडी सलग ऐकली, कोणी म्हणायला नको की न ऐकता बोलतो. ‘लेझी’ची सुरुवात, लॉर्ड ऑर्गनला अक्षरशः पिळून काढतो तो भाग, स्टुडिओतल्यापेक्षा सरस आहे. मान्य. सवाल-जवाबही मान्य. ‘स्पेस ट्रकिन’ मात्र अजूनही निम्म्याने जास्त आहे आणि यावर मी हलणार नाही.

दादरचा_बेसवाला
निम्मं म्हणजे नेमकं कुठलं? मिनिट सांगा.

कोथरूडकर७२
दहाव्या मिनिटानंतरचं सगळं.

कॅसेटयुगातला
अहो, माझी कॅसेट जवळपास तिथेच तुटायची! तुम्ही सरसकट उडवायला निघालेला भाग मी वर्षानुवर्षं हुकवलाय. नाही म्हणजे नाही.

फेडरवरचा_हात
बेसवाला, सीडीवर छापण्याचं म्हणालात ना? पुढच्या कामात मी कलाकाराला तसं विचारून बघतो. ते हो म्हणाले तर छापू. पण ‘फसवणूक’ हा शब्द तुम्ही आधी मागे घ्या.

दादरचा_बेसवाला
तुमच्यापुरता घेतला. किसपुरता नाही.