मदत हवी आहे: उघड्या विटांच्या भिंतीला छिद्र न पाडता दिवाळीची रोषणाई कशी लावावी?

नमस्कार.

आमचे घर वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. छप्पर कवेलूंचे असून रस्त्याकडची त्रिकोणी भिंत गिलावा न केलेल्या लाल विटांची आहे. या विटा आजोबांनी नाल्याकाठी स्वतः भट्टी लावून भाजून घेतल्या होत्या, आणि बांधकाम चुन्यातले आहे. दिवाळीत या भिंतीवर दिव्यांच्या तीन माळा, झेंडूचे तोरण आणि मधोमध आकाशदिवा असावा, अशी आईची फार इच्छा आहे. भिंत 14 फूट रुंद आहे. त्या बाजूला वळचण नसल्यामुळे वरून दोर सोडण्याची सोय नाही.

छिद्र का नको, ते सांगते. काही वर्षांपूर्वी डिश बसवताना कारागिराने ड्रिल मशीन चालवले, तेव्हा एका विटेचा तळहाताएवढा पापुद्राच निघून आला. भाजलेल्या विटेचा वरचा थर टणक असतो. तो गेला की आतली वीट पावसाचे पाणी शोषत राहते. त्या जागी आता लोणा लागला आहे आणि बोट फिरवले की पांढरी पूड हाताला येते. तसे आणखी दहा-बारा ठिकाणी झालेले मला पाहवणार नाही.

मागच्या दिवाळीत मी चिकटपट्टीचे हुक लावून पाहिले. भिंत पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे दुपारनंतर ती चांगलीच तापते, आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आतच पाच हुक खाली आले. उचलून पाहिले तर प्रत्येकाच्या पाठीवर विटेची लाल भुकटी पिठासारखी बसलेली होती, म्हणजे गोंद विटेला धरलाच नव्हता, तो नुसत्या भुकटीला चिकटला होता. ओल्या फडक्याने भिंत पुसून, वाळवून पुन्हा लावले, तरी दोन रात्रींपलीकडे टिकले नाहीत. एपॉक्सी वापरा, असे एकाने सुचवले. पण ते काढताना पुन्हा पापुद्रा निघेल, ही भीती आहे.

विटेला वरून व खालून पकडणाऱ्या स्प्रिंगच्या क्लिपा इंटरनेटवर दिसल्या. त्या मागवाव्यात का? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

ताई, मागवण्यापूर्वी पट्टी घेऊन दोन मापे घ्या. पहिले विटेच्या उंचीचे. या क्लिपा मुळात अमेरिकेतल्या विटेसाठी बनतात आणि तिची उंची साधारण 57 मिलिमीटर असते. आपल्या भट्टीची वीट 9 × 4½ × 3 इंचांची, म्हणजे उंचीला 75 मिलिमीटरच्या आसपास भरते. मोठ्या मापाच्या क्लिपाही मिळतात, पण हाताने पाडलेली प्रत्येक वीट सारखी नसते. दुसरे माप दरजेचे, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्याचे. विटेच्या तोंडापासून दरज काही मिलिमीटर आत असेल, तरच क्लिपेच्या दातांना कडा सापडते. जुन्या चुन्याच्या दरजेत खिळा मात्र ठोकू नका, चुना भुगा होऊन गळतो.

माझ्या मते भिंतीला हातच लावू नये. तेलाच्या रिकाम्या पिप्यांत ओली वाळू ठासून त्यांत उभे बांबू रोवा, वर आडवा बांबू सुतळीने बांधा आणि उभ्या बांबूंना दोन्ही बाजूंनी जमिनीतल्या खुंट्यांशी ताण द्या, म्हणजे वाऱ्याने चौकट कलणार नाही. बांबू भिंतीपासून वीतभर दूर ठेवावेत. माळा उघड्या तारेने आवळू नका, वायरचे आवरण कापले जाते. त्याही सुतळीनेच बांधा, आणि वायरचे जोड जमिनीवर किंवा दवात राहू देऊ नका.

धागाकर्ती:

भाऊ, आज मापे घेतली. विटा 71 ते 79 मिलिमीटरपर्यंत निघाल्या आणि दरजा जवळजवळ सर्वत्र विटेच्या बरोबरीने भरलेल्या आहेत, त्यामुळे क्लिपांचा विचार सोडला. बाबांना बांबूची कल्पना पटली. मात्र 14 फुटांचा आडवा बांबू माळांच्या आणि ओल्या झेंडूच्या वजनाने मधोमध वाकेल, असे ते म्हणतात. मध्ये तिसरा उभा बांबू देऊन आकाशदिवा त्यालाच बांधला, तर चालेल का?

प्रतिसाद:

चालेल. फक्त मधल्या पिप्यात वाळू काठोकाठ भरा, आणि त्या बांबूला पुढून एक जास्तीचा ताण द्या.