खुरीच्या वाळूत आकाशगंगेचे फोटो: किट लेन्सवर भागेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मार्चच्या सुरुवातीला महाशिवरात्रीच्या मागेपुढे जैसलमेरला जायचं ठरतंय. शिवरात्र म्हणजे अमावास्येच्या तोंडावरची रात्र, चंद्राचा त्रास नाही, म्हणून मुद्दाम तेच दिवस धरलेत. तिथल्या समच्या वाळूत कॅम्पच कॅम्प झालेत, लाईट आणि गाणी चालूच असतात, म्हणून जैसलमेरजवळच्याच खुरी गावात राहायचं डोक्यात आहे. तिकडे कोणी रात्री फोटो काढलेत का? जैसलमेरच्या आसपास पवनचक्क्या भरपूर आहेत आणि त्यांच्यावरचे लाल दिवे रात्रभर लुकलुकतात, ते खुरीहून आग्नेयेच्या बाजूला दिसतात का हे मला फार महत्त्वाचं आहे, कारण त्या दिवसांत आकाशगंगेचा गाभा पहाटे तिकडूनच वर येतो. वृश्चिकाची नांगी आणि धनु नीट वर यायला चार वाजणार आणि पावणेसहाच्या सुमारास उजाडायला लागणार, म्हणजे हातात जेमतेम दीड-पावणेदोन तास.

कॅमेरा क्रॉप (म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेल, लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ किट, १८ ला एफ ३.५. तारे लांबट न दिसता किती सेकंद शटर उघडं ठेवता येईल ते सांगणाऱ्या ५०० च्या नियमाने ५०० भागिले २७ (१८ गुणिले क्रॉपचे १.५) म्हणजे १८ सेकंद येतात, पण गावाकडे गच्चीवर काढून बघितलं तर फोटो मोठा केल्यावर तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट दिसतात. १३ सेकंदांना टिपके येतात पण मग आयएसओ ३२०० च्या वर न्यावा लागतो आणि काळ्या भागात नुसती रंगीत रवाळी (नॉइज). त्यामुळे १३ सेकंदांचे वीस-पंचवीस फोटो काढून सिक्वेटर या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक करावेत, म्हणजे एकावर एक जुळवून रवाळी कमी करावी, असं मनात आहे. पण खाली वाळूच्या लाटा पण हव्यात मला, नुसतं आभाळ नको! मग जमिनीसाठी वेगळा लांब एक्स्पोजर घेऊन नंतर जोडायचा का सिक्वेटरच जमीन नीट सांभाळतो? का सरळ जास्त उजेड घेणारी एफ २.८ ची वाइड लेन्स भाड्याने घेऊ?

फोकस मी लाइव्ह व्ह्यू मोठा करून तेजस्वी ताऱ्यावर करते, लेन्सवरच्या खुणेवर अजिबात भरवसा नाही. पण संध्याकाळी व्याधावर केलेला फोकस टेप लावून ठेवला तरी पहाटेच्या गारठ्यात हलतो का? की ज्येष्ठा वर आली की तिच्यावर परत करावा?

आणि ट्रायपॉड. भुसभुशीत वाळूत पाय हळूहळू खचतात म्हणे, तर खाली फळीचे तुकडे ठेवायचे का पाय खोल रोवायचे? लेन्स तिथे बदलणार नाहीये, वारा सुटला की बारीक वाळू कुठेही शिरते.

अजून एक, डेझर्ट नॅशनल पार्क जवळच आहे आणि तिथे माळढोक पक्षी आहेत. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यात किती पक्षी राहिलेत ते माहितीच आहे सगळ्यांना. त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन कुठपर्यंत जावं, परवानगी कोणाकडे मागावी हे कोणी तिकडे जाऊन आलं असेल तर नक्की सांगा. एखादा पक्षी उठवून मिळालेला फोटो मला नकोय.

रॉ फाइल आहेत, कोणाला बघायच्या असतील तर टाकते. सगळ्यात आधी लेन्सचं सांगा, भाड्याची आत्ताच बुक करावी लागेल.